फोनला लावलेला बिल्ला

आमच्या एक्स-रेवाल्याने माझ्या सासूला विचारलं होतं, "दिवस गेलेत का?"

सासू तेव्हा पंच्याहत्तरीची होती. पडवीत पाय घसरून खुबा दुखावला म्हणून तिला टेबलावर आडवी केली होती. ती दुखणं विसरली आणि म्हणाली, "मेल्या, हे जाऊन तुझ्या आवशीला विचार."

"आवशीला पण विचारलेलं," तो म्हणाला. "तिचा एक्स-रे मीच काढला होता. आता बोला, हाय की नाय?"

सासूला नाही म्हणावंच लागलं. त्याशिवाय त्याने बटण दाबलं नाही.

रत्नागिरीतल्या एका खाजगी दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा आणि मी आया होते. सगळे त्याला मामू म्हणत. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मीही मामूच म्हणायचे. तो मला बाय म्हणायचा. तो राजिवड्याचा, खाडीकाठच्या मोहल्ल्यातला. त्याच्या घरातले पुरुष एकतर बोटीवर, नाहीतर आखातात. याला होडीत बसलं की उलटी व्हायची आणि विमानाची भीती वाटायची, म्हणून तो हे काम शिकला. मी बुद्धवाडीतली, चौथी पास. नवरा गेल्यावर कामाला लागले आणि चौदा वर्षं त्या एक्स-रेच्या खोलीत काढली.

भिंतीवर पाटी होती की गरोदर बायांनी आधी सांगावं. पण पोट दुखत असताना कोण पाटी वाचतं? म्हणून तो प्रत्येक बाईला विचारायचा. म्हातारी असो, पोर असो. एकदा पूर्णगडची एक लग्नाची मुलगी हात मोडून आली. याने विचारल्याबरोबर तिच्या आईने पायातली चप्पल काढली. मी मध्ये पडले म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, "मामू, माणूस बघून विचारत जा." तर म्हणाला, "माणूस बघून काय कळतं? उद्या पोटातलं पोर मोठं होऊन मला म्हणालं, मामू, तू का नाय विचारलंस, तर मी काय सांगू? तुझी आय बघितली आणि वाटलं नाय म्हणून?"

यात खोट काढता यायची नाही. बोलला ते बरोबरच असायचं, पण कुठे बोलावं हे त्याला कळत नसे.

सगळ्या बायांना विचारायचा. मला मात्र त्याने कधी विचारलं नाही. मला वाटायचं, माझा मान राखतो.

त्याचं दुसरं वेड श्वासाचं. छातीचा एक्स-रे काढताना माणसाने श्वास रोखायचा असतो. मामू पडद्यामागून ओरडायचा, "श्वास घ्या... रोखा..." मग बटण, मग "सोडा." दिवसातून पन्नास वेळा बोलून ते त्याच्या तोंडात बसलं होतं. एसटी खड्ड्यात गेली की "रोखा." कुणी भांडत असलं की "सोडा." त्याच्या लेकीच्या निकाहात जावई कबूल म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात हा मागून हळूच म्हणाला, "श्वास घे. रोख." जावई आज्ञाधारक. त्याने रोखला. सगळे वाट बघत बसले. काझीने दुसऱ्यांदा विचारलं तरी जावई गप्प, तोंड लाल झालेलं. शेवटी मामूची बायको पडद्याआडून ओरडली, "अवो, त्याला सोड म्हणा!"

जेवायला बसला की बांगड्याचा काटा उजेडाकडे धरून बघायचा. माणसं तोंडावरून नाही, बरगडीवरून ओळखायचा. बाजारात एकजण सलाम करून गेला तर मला म्हणाला, "हा कोण गो?" मी सांगितलं, जयगडचा अमका, जाळं ओढताना पडलेला. "असं होय," म्हणाला. "डावीकडची सहावी."

आता बिल्ल्याचं सांगते, कारण सगळा घोळ त्याच्यात आहे.

एक्स-रेचे किरण दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही, अंगाला लागलेले कळत नाहीत. ते किती लागले हे समजावं म्हणून काम करणाऱ्याने छातीवर एक बिल्ला लावायचा असतो, काड्यापेटीहून थोडा मोठा. तीन महिन्यांनी तो पोस्टाने मुंबईला तपासणीला जातो आणि नवा येतो. मागाहून कागद येतो की या माणसाच्या अंगावर इतके किरण पडले. मामूच्या कागदावर कधी काहीच नसायचं, कारण बटण दाबताना तो शिशाच्या पडद्यामागे उभा. तरी कागद आला की शाळेतून प्रगतिपुस्तक मिळाल्यासारखा दवाखानाभर दाखवत फिरायचा.

मला बिल्ला नव्हता. आयाला नसतो, असं डॉक्टर म्हणाले. मी परत विचारलं नाही.

तेव्हा रत्नागिरीत मोबाईल नुकते यायला लागले होते. मामूच्या लेकीला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले होते. तिसऱ्यांदा राहिले तशी ती माहेरी आली. नवरा कुवेतला. तो बांधकामाच्या जागेवर राहायचा, तिथे त्याला फोन लागत नसे, त्याचाच यायचा. त्याने गावच्या माणसाबरोबर बायकोला एक मोबाईल पाठवला. चार दिवसांनी मामू कामावर आला तो तोंड उतरलेलं.

"पोटावर ठेवते गो," तो म्हणाला. "फोन पोटावर ठेवते. बाप पोटातल्या पोराशी बोलतो म्हणे."

"मग बोलू दे की."

"अगो, किरण येतात त्याच्यातून! पेपरात आलंय."

किरण म्हटलं की मामूला दुसरं काही दिसत नसे. तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर हसून म्हणाले, "मामू, हे ते किरण नव्हेत. हे रेडिओसारखे, साधे."

"साहेब, रेडिओ कोण पोटावर घेऊन झोपतो?"

डॉक्टरांनी पुढचा केसपेपर ओढला. ते म्हणाले, पेशंट पाठव.

मग त्याने मोबाईलच्या दुकानदाराला विचारलं. दुकानदार म्हणाला, काही होत नाही. पेपरात एकदा यायचं की डोक्याला धोका आहे. पुढच्या आठवड्यात यायचं की नाही. फोनच्या डब्यात एक छोटं पुस्तक होतं. त्यात बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की बोलताना फोन अंगापासून थोडा लांब धरा. ते कंपाउंडरने वाचून दाखवलं. मामूने पुस्तकावर टिचकी मारली. "काय होत नाय, तर लांब धरा कशाला लिवलंय?"

मला हे पटलं. डॉक्टरांचं बोलणंही पटलं होतं. दुकानदाराचंही थोडं पटलं. तेव्हा माझं असंच चाललं होतं, जो बोलेल त्याचं पटायचं.

मामूने लेकीला कायदा घातला. दिवसभर फोन त्याच्याकडे. संध्याकाळी आठ ते नऊ तिला मिळणार, आणि तोही लाकडी फूटपट्टीएवढा लांब धरून. एवढ्या लांबून बोलायचं तर ओरडायला लागतं. राजिवड्यात रोज सगळ्यांना कळायचं, कुवेतला जावई काय जेवला आणि त्याला बायकोची किती आठवण येते. बाया मुद्दाम आठच्या सुमाराला भांडी घासायला बाहेर बसत.

दिवसा फोन मामूच्या खिशात. एक दिवस तो डार्करूममध्ये फिल्म धुवायला गेला. तिथे मिट्ट काळोख लागतो. नेमका खिशात फोन वाजला. मामू घाबरून बाहेर आला आणि फिल्म उजेडात धरली, तर अर्धी काळी पडलेली.

"बघ!" तो ओरडला. "बघ बाय, किरण!"

डॉक्टर आले. त्यांनी फोन हातात घेतला, बटण दाबलं. हिरवा उजेड पडला. "मामू, हा दिवा पेटला खिशात. पातळ सदरा तुझा. उजेडाने फिल्म जाणारच."

मामू म्हणाला, "दिवा पण असेल. पण दिवाच, असं कशावरून?"

फोन डार्करूममध्ये न्यायचा नाही एवढं ठरलं. मग ठेवायचा कुठे? टेबलावर ठेवला तर वाजलेला कोण ऐकणार? जावयाचा फोन कधी वेळ सोडूनही यायचा. मामू माझ्यासमोर उभा राहिला. माझ्या एप्रनला पुढे मोठा खिसा होता, कापूस आणि कात्री ठेवायला.

"तुझ्याकडे ठेव."

"का? तुझ्या अंगाला किरण लागतात, मला नाय लागत?"

"माझ्या अंगात आधीच एक्स-रे मुरलाय, त्यात ह्यो नको. आणि तुझं काय गो, तुझं वय गेलं. आता तुझ्या पोटात काय राहायचं नाय."

बोलला यात खोटं काही नव्हतं. मी फोन खिशात टाकला.

दोन दिवसांनी त्याने छातीवरचा बिल्ला काढला आणि चिकटपट्टीने फोनच्या पाठीला लावला.

"हे काय रे?"

"तपासणी. डॉक्टर एक बोलतो, पेपर एक बोलतो. आता मुंबईहून कागद येईल. तो खोटं नाय बोलायचा. तीन महिन्यांनी कळेल फोनमधून काय येतं ते."

"आणि तुझ्या छातीवर काय?"

"मी पडद्यामागे असतो. माझ्या कागदावर कधी काय आलंय? डॉक्टरला बोलू नकोस."

मी बोलले नाही. मला तर ती युक्ती चांगली वाटली. मला काय माहीत, बिल्ला कुठल्या किरणांचा आणि फोन कुठल्या. आणि ज्याला माहीत असायला हवं होतं त्याच्या डोक्यात लेकीचं पोट होतं. दोन गेलेली आणि हे तिसरं.

तो पावसाळा पोरांच्या खोकल्याचा होता. रोज चार-पाच पोरं छातीच्या एक्स-रेला यायची. लहान पोर टेबलाजवळ नेलं की हातपाय झाडतं. त्याला कुणीतरी धरावं लागतं. दोन्ही हात कानाला लावून वर धरायचे, छाती फिल्म भरलेल्या कॅसेटला टेकवायची आणि तोंडाने "तो बघ कावळा, तो बघ" करत राहायचं. आई धरते म्हणाली तरी मामू तिला धरू देत नसे. "आई नको. आईला दिवस गेले असले तर? मावशी धरील." मग आई दाराबाहेर, मामू पडद्यामागे आणि मी पोराला धरून. श्वास घ्या म्हटलं तर ती पोरं श्वास कसला घेतात. ती रडतात. रडून दम लागला की क्षणभर थांबतात, तेवढ्यात मामू बटण दाबायचा.

किरण अडवायला शिशाचा एक एप्रन होता, खिळ्याला टांगलेला. त्याचे बंद तुटले होते आणि तो ओल्या जाळ्यासारखा जड. मी कामावर नवीन होते तेव्हा दोन-चारदा घातला, मग पाठ धरली. बंद शिवून घ्या असं सगळेच एकमेकांना सांगत.

तीन महिने झाले. मामूने फोनचा बिल्ला सोडवून मुंबईला पाठवला आणि वाट बघत बसला. लेकीला तोवर आठवा लागला होता. पोट वर आलं होतं, पोर लाथा मारत होतं. मामूची बायको मला बाजारात भेटली की म्हणायची, "बाय, आता फक्त पार पडू दे." मामू रोज पोस्टमनला विचारायचा.

कागद आला. मामू तो घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी बेडपॅन धुवत होते.

"बघ."

मी काय बघणार? इंग्रजी होतं. पण आकडे येतात मला. नेहमी जिथे काही नसायचं तिथे आकडा होता, आणि त्याच्यापुढे खूण.

"मी बोललो नव्हतो?" मामू म्हणाला. "डॉक्टर बोलतो रेडिओ. हा घे रेडिओ." आणि मग तोंड पाडून म्हणाला, "रोज एक तास दिलाय गो मी तिला. मीच दिलाय."

त्याने माझ्या खिशातून फोन काढला. कोऱ्या फिल्म ठेवायला एक शिशाची पेटी होती, त्यात टाकला आणि वर झाकण. त्या पेटीत रेंज कसली पोचायची. फोन वाजायचा बंद झाला.

अकरा दिवस तो फोन पेटीत होता. मामूने लेकीला सांगितलं, फोन बिघडलाय. ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. दोन दिवसांनी तिला कळलं. मग तिने जेवण टाकलं. जेवण म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण घास मोजून. नवव्या महिन्यात बाई अशी वागली तर घरात काय होतं ते बायांना माहीत आहे. मामी रडायची आणि मामूला शिव्या द्यायची. मामू म्हणायचा, पोर जन्मू दे, मग शंभर फोन देतो.

बाराव्या दिवशी दुपारी लेक स्वतः रिक्षाने दवाखान्यात आली. कंबरेवर हात ठेवून एक्स-रेच्या दारात उभी राहिली. आत यायची तिला बंदी होती.

"अब्बा, फोन द्या."

"नाय."

"तिकडे त्याला वाटेल मी मेले."

"पोराला काय झालं तर?"

"आणि मला काय झालं तर? दोनदा झालं तेव्हा फोन होता काय घरात?"

हे मामूला कुणी विचारलं नव्हतं.

लेक माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही सांगा. तीन महिने तुमच्या खिशात होता. तुम्हाला काय झालं?"

"मला काय झालेलं नाय," मी म्हटलं. "गुडघे दुखतात. ते आधीपासूनच."

"लगेच दिसत नाय," मामू म्हणाला. "हे नंतर दिसतं. वर्षांनी." बोलता बोलता त्याने माझ्याकडे बघितलं आणि तसाच बघत राहिला. मग मान फिरवली.

लेक रडत परत गेली. मला तिची दया आली आणि मामूचाही राग आला नाही. कोण बरोबर हे मला खरंच कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात मुंबईहून दुसरं पाकीट आलं. आकडा जास्त आला की ते लोक विचारणा करतात. त्याचा एक फॉर्म असतो. मामू तो घेऊन जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाकावर बसला. मी भाकरीचा डबा उघडला होता. तो एकेक प्रश्न मराठीत करून मोठ्याने वाचत होता. तो नेहमीच मोठ्याने वाचायचा.

"बिल्ला अंगावर कुठं लावला होता? अंगावर नव्हता. फोनवर होता." त्याने लिहिलं नाही, नुसतं बोलला. "फोन कुठं होता? आयाच्या खिशात. एक्स-रे काढताना बिल्ला लावलेला माणूस पडद्याच्या मागे होता की पुढे?"

तो थांबला.

"बाय, तू पोर धरतेस तेव्हा फोन कुठं असायचा?"

"खिशात. दुसरा कुठं ठेवणार? दोन्ही हातांत पोर."

"काढून नाय ठेवायचीस?"

"तूच म्हणालास ना, वाजला तर कळला पाहिजे."

"किती पोरं धरलीस गो पावसात?"

"मी काय मोजली?"

"एप्रन?"

"कुठला? तो खिळ्यावरचा? बंद कुठं हायेत त्याला?"

मामूने पेन खाली ठेवलं. समोर कुंपणाला जांभ्या दगडांचा गडगा होता, त्याच्याकडे बघत बसला. मी कालवण संपवलं. मग मीच विचारलं, "काय झालं? फोनमधून किरण येतात की नाय?"

"ता कळलंच नाय," तो म्हणाला.

"एवढा आकडा आलाय की."

"तो फोनचा नाय गो."

"मग कुणाचा?"

माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "श्वास घे."

सवयीने मी घेतला.

"रोख."

मी रोखला. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, छातीच्या आतलं बघावं तसा. सोड म्हणायचं विसरला. शेवटी मी आपणच सोडला आणि डबा धुवायला उठले. नळाखाली डबा धरला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

फॉर्मवर त्याने खरं लिहिलं. मी जवळ होते. बिल्ला त्याच्या अंगावर नव्हता, आयाच्या खिशात होता. आया पोरं धरते. आयाला बिल्ला नाही. एप्रनला बंद नाहीत. डॉक्टरांनी ते वाचलं आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने मामू बाहेर आला तेव्हा फॉर्म दुसरा होता. त्यावर लिहिलं होतं की बिल्ला चुकून एक्स-रेच्या खोलीत टेबलाजवळ राहिला. खाली मामूची सही.

"केलीस?" मी विचारलं.

"केली. डॉक्टर बोलतो, खरं लिवलं तर मीच बिल्ल्याशी खेळ केला असं ठरेल. नोकरी जाईल. लेकीचे दिवस भरलेत."

मी असते तर मीही केली असती. मी त्याला तसं सांगितलंही. त्याला ते आवडलं नाही. त्याला शिव्या हव्या होत्या.

त्याच संध्याकाळी त्याने पेटीतून फोन काढला आणि घरी नेऊन लेकीच्या हातात दिला. फूटपट्टीही दिली. लेकीने फूटपट्टी फेकली आणि फोन कानाला लावला. मामू म्हणाला, तिने फोन पोटावर ठेवला तेव्हा तो घराबाहेर जाऊन उभा राहिला. आत बोलावलं तरी गेला नाही. फोनमधून काय येतं हे त्याला आधी माहीत नव्हतं, आता तर त्याहून माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शिशाचा एप्रन खांद्यावर टाकून एसटी स्टँडजवळच्या चांभाराकडे गेला आणि चामड्याचे नवे बंद शिवून आणले. नवा बिल्ला आला होता तो त्याने माझ्या ब्लाउजला लावला, पिनेने, हात लांब ठेवून. मग एप्रन घालायला धरला. बंद आवळता आवळता मागून म्हणाला, "दिवस गेलेत काय गो?"

मी अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हटलं, "तुझ्या तोंडात माती."

"हाय की नाय, ता सांग."

"नाय."

त्या दिवसापासून तो निवृत्त होईपर्यंत, दोन वर्षं आणि काही महिने, पोर धरायची वेळ आली की आधी एप्रन, मग तोच प्रश्न. मी माती म्हटल्याशिवाय त्याने बटण दाबलं नाही. स्वतः बिना बिल्ल्याचा उभा राहायचा. कागद त्याच्याच नावावर यायचे आणि त्यावर काही नसायचं. ते मात्र त्याने कुणाला दाखवले नाहीत. फक्त तो आकड्याचा कागद माझ्या हातात दिला. "ठेव," म्हणाला. कशाला ते सांगितलं नाही. मी रेशनकार्डात ठेवला.

लेकीला मुलगी झाली. अडीच किलोची, काळीभोर, रडकी. मामूने पहिल्यांदा तिच्या बरगड्या मोजल्या. ती आता कॉलेजात आहे आणि फोन कानावरून काढत नाही.

मामू गेला त्याला किरणांचं काही कारण नाही. पावसात मशिदीच्या पायरीवर शेवाळ होतं, घसरला. खुबा मोडला. मी बघायला गेले तेव्हा म्हणाला, नवीन एक्स-रेवाला पोरगा चांगला आहे पण बोलत नाही, नुसतं हलू नका म्हणतो. मग म्हणाला, "मी विचारलं त्याला, पोर कोण धरतं. बोलला, जो असेल तो." त्यानंतर महिनाभर अंथरुणात पडून होता. मग संपला.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला. डॉक्टरांना विचारलं, कशाने? म्हणाले, आजी, वयाने. असेल. मामूने शिकवलं होतं की किरणांनीही डोळ्यात पडदा येतो. तेही असेल. मला त्यातलं काय खरं ते सांगता यायचं नाही, आणि ज्याला सांगता आलं असतं असं मला वाटायचं त्यालाच शेवटपर्यंत काही कळलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आधीचे काही रिपोर्ट आहेत का. मी रेशनकार्डातून तो कागद काढून दिला. घडीवर फाटत आला होता. तिने उलटापालटा करून वाचला.

"आजी, हा तुमचा नाही. हा कुणा पुरुषाच्या नावावर आहे."

"नाव त्याचं आहे," मी म्हटलं. "आकडा माझा आहे."

तिने घडी पुन्हा घातली. मग कागद परत दिला आणि म्हणाली, "हा चालणार नाही. दुसरा काही असेल तर द्या."

दुसरा काही नव्हता.